बैठकीवरचं कासव

६ जानेवारी

आज पुस्तक संपलं. बावीस वर्षं लागली. तीनशे बारा पानं, अठरा प्रकरणं, नकाशे वेगळे. शेवटचा पूर्णविराम देताना डोळ्यांत पाणी वगैरे येईल असं वाटलं होतं. शिंक आली.

पुढेमागे ही वही कोणी वाचलीच, आणि इतिहासकारांच्या वह्या लोक वाचतातच, तर त्यांच्यासाठी दोन शब्द. आमचं गाव म्हणजे जुनं जैन तीर्थ. टेकडीवर सात मंदिरं आणि खाली गावात एक. खालचं सगळ्यांत जुनं. त्यात काळ्या दगडाची, ध्यानाला बसलेली मूर्ती आहे. तीर्थंकर चोवीस, आणि त्यांच्या बसलेल्या मूर्ती बहुतेक सगळ्या सारख्याच दिसतात. कोण कोणते, ते ओळखायचं बैठकीवरच्या खुणेवरून. बैल असला तर पहिले, सिंह असला तर शेवटचे. आमच्या बैठकीवर कासव आहे, म्हणजे आमचे विसावे.

पुस्तकाचं नाव ‘कासवाचं गाव’. पहिलं प्रकरण बैठकीवरच्या कासवाचं. दुसरं टेकडीच्या कासवासारख्या आकाराचं, जो उत्तरेकडून डोळे बारीक करून पाहिलं की दिसतो. आता गावात कासव नाही अशी जागा राहिलेली नाही. शाळेच्या गणवेशाच्या खिशावर कासव, लाँड्रीच्या पाटीवर कासव, फुटबॉलच्या संघाच्या झेंड्यावर कासव. तो संघ कायम हरतो, पण त्याला मी काय करणार.

हिने माझी सगळी पानं तीनदा स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. चित्रकलेच्या मास्तरांचं अक्षर चांगलं असतं हा लोकांचा गैरसमज आहे. पहिल्या प्रकरणापाशी तिन्ही वेळा थांबून तिने विचारलं, “अहो, हे असंच ठेवायचं ना?” मी तिन्ही वेळा म्हटलं, असंच. स्वल्पविरामाबद्दल विचारत असावी.

११ जानेवारी

मंदिर समितीची सभा. अध्यक्ष पाइप आणि नळांचे व्यापारी, माझेच जुने विद्यार्थी, चौथी ब. चित्रकलेत यथातथा. तसे सगळेच यथातथा. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी कोणालाही दहापैकी तीनच्या वर गुण दिलेले नाहीत. जास्त दिले की पोर शेफारतं.

पुस्तकाचं प्रकाशन २४ फेब्रुवारीला ठरलं. त्याच दिवशी वेशीवरच्या नव्या कमानीचं उद्घाटन. कमानीवर सिमेंटचं कासव बसवलंय, टेम्पोएवढं. अध्यक्षांना पुस्तकात गाव दोन हजार वर्षांचं हवंय. माझ्याजवळ पुरावा जेमतेम हजाराचा. ते म्हणाले, मास्तर, एवढं लिहिलंत, आणखी हजार लिहायला तुमचं काय जातं. शेवटी तडजोड म्हणून मी ‘सुमारे’ हा शब्द घातला.

मूर्तीच्या बैठकीवर पांढरी खार फुटली आहे, दगडातलं मीठच. उद्घाटनाला पाहुणे येणार, म्हणून दगड साफ करणारी कोणी तज्ज्ञ बाई बाहेरून बोलावली आहे. मी सांगून पाहिलं की मी आहे ना. चौतीस वर्षांपूर्वी, तेव्हाच्या अध्यक्षांच्या सांगण्यावरून, या बैठकीची सेवा मीच केली होती, झिजलेल्या रेषा जरा ठळक करून दिल्या होत्या. माझं बोलणं कोणी मनावर घेतलं नाही.

१७ जानेवारी

बाई आली. वय असेल तिशीचं. सोबत एक पेटी, तिच्यात काड्या, कुंचले, बाटल्या आणि ढीगभर कापूस. गावाने दुपारपर्यंत तिचं नाव ‘कापूसबाई’ पाडलं सुद्धा. बोलते कमी. मी तिला उभ्याउभ्या दोन तास गावाचा इतिहास सांगितला. तिने एकच विचारलं, कासवाचा सगळ्यांत जुना उल्लेख कुठे आहे?

मी तिच्यापुढे प्राध्यापकांचा लेख टाकला. हे प्राध्यापक मोठे विद्वान. चोवीस वर्षांपूर्वी इथे येऊन गेले, आणि त्यांच्या छापील लेखात स्वच्छ लिहिलंय की बैठकीवर कासवाची खूण आहे. माझं सगळं पुस्तक या लेखाच्या पायावर उभं आहे. ती म्हणाली, चांगलं आहे, पण याच्याआधीचं काही?

शेकडो वर्षांची परंपरा आहे आणि ही विचारते आधीचं काही. देतो म्हटलं. ढीगभर देतो.

२२ जानेवारी

पाच दिवस मंदिराच्या ग्रंथभांडारात धूळ खातोय. जुन्या यात्रेकरूंची सहा वर्णनं सापडली. एकाने टेकडीच्या पायऱ्या मोजल्या आहेत. एकाने धर्मशाळेतल्या ढेकणांवर पानभर लिहिलंय. एकाने आठही मंदिरांची यादी दिली आहे आणि आमच्या मूर्तीपुढे तीनच शब्द टाकलेत, ‘काळी, मोठी, शांत’. कासवाचं नाव एकानेही घेतलेलं नाही.

यावरून जुन्या लोकांची निरीक्षणशक्ती किती कच्ची होती ते कळतं. यायचं, हात जोडायचे, निघून जायचं. खाली वाकून बघायला कोणाला वेळ होता? मी प्रस्तावनेत यावर एक परखड परिच्छेद वाढवला. ही उतरवून घेताना म्हणाली, “सहाच्या सहा जणांना दिसलं नाही?” मी म्हटलं, दुर्दैव. ती कणीक मळायला गेली.

३० जानेवारी

कापूसबाईने सकाळी निरोप पाठवला, ताबडतोब या. मला वाटलं, कासव घासूनपुसून लख्ख झालं असेल, ते दाखवायचं असेल.

गेलो तर कासवाला मागचे पाय नव्हते.

मी ओरडलोच. गाभाऱ्यात असा आवाज चढवायचा नसतो, पुजाऱ्याने खूण केली, तरी ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, मास्तर, हा दगड नाही. चुना, डिंक आणि कागदाचा लगदा आहे, वरून काळा तेलरंग. खार याच्याखाली साठली होती म्हणून याला हात लावावा लागला, ओला कापूस लावला आणि सुटून आलं. मग तिने चिमट्याने एक कागदाचा कपटा उचलून काचेवर ठेवला. लगद्यात नीट न कुटलेला तुकडा. त्याच्यावर शाळेच्या वहीच्या निळ्या रेघा होत्या आणि लाल शाईत ३/१०.

घरी आलो. जेवण गेलं नाही.

३१ जानेवारी

विचार करून पाहिला. उलगडा झाला.

खरं, प्राचीन कासव आत आहे. त्याच्यावर कोणा नतद्रष्ट माणसाने लगदा थापून ठेवला. हा माणूस शाळेतला असणार, कारण कागद वहीचा. चित्रकलेच्या वर्गाशी संबंधित असणार, कारण लगदा उत्तम जमला आहे. शिवाय माणूस कडक असणार. माझा संशय माझ्यानंतर आलेल्या मास्तरवर आहे. तो मुलांना सात-सात, आठ-आठ गुण वाटायचा हे खरं, पण चोर आपल्या खुणा बदलतोच.

हिला सांगितलं. ती म्हणाली, चहा ठेवू का?

३ फेब्रुवारी

अध्यक्ष मंदिरात आले. काचेवरचा कपटा पाहिला, डोळ्यांजवळ नेला आणि एकदम हसत सुटले. म्हणाले, मास्तर, चौथीत तुम्ही मला ‘सूर्योदय’ला तीन दिले होते, घरी बोलणी खाल्ली होती मी. हे माझंही असू शकतं.

मी खांबाला टेकलो. मला आठवलं की त्या वर्षी तपासलेल्या चित्रांचा गठ्ठा शाळेतून मी घरी आणला होता. पण मी फक्त रेषा ठळक केल्या होत्या. असलेल्या रेषा. हे मी इथे स्वच्छ लिहून ठेवतो.

६ फेब्रुवारी

शेवटी प्राध्यापकांचा लेख काढून बसलो. इतकी वर्षं मी त्यातला मजकूर वाचत आलो, तळटीपा कधी वाचल्या नाहीत. महत्त्वाचं असतं तर माणूस इतक्या बारीक अक्षरात कशाला लिहील, असं माझं मत होतं. आज भिंग घेतलं.

कासवाच्या वाक्यावर सातचा आकडा आहे. खाली सातवी टीप: ‘बैठकीवर रंगाचे जाड थर असल्यामुळे खूण तपासता आली नाही. ही माहिती तेथील चित्रकला शिक्षकांनी सांगितली.’

म्हणजे प्राध्यापकांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी प्राध्यापकांवर. चोवीस वर्षं आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्यावर उभे होतो, आणि जमिनीवर कोणीच नव्हतं.

दोन पेले पाणी प्यायलो.

१२ फेब्रुवारी

कासव संपूर्ण निघालं. खाली काय? काही नाही. गुळगुळीत काळा दगड.

झिजलेली खूण असेल, मी म्हटलं. फुटलेली असेल. कोणी तासून काढली असेल. कापूसबाईने मला गुडघ्यांवर बसवलं, दिवा आडवा धरला आणि छिन्नीचे बारीक ओरखडे दाखवले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखे, एकाच हाताचे. इथे कधीच काही कोरलेलं नव्हतं.

मग ती पहिल्यांदाच भरभरून बोलली. खुणा कोरायची पद्धत नंतरची आहे. फार जुन्या मूर्तींच्या बैठका कोऱ्याच असतात, तेव्हा खुणेची गरज कोणाला वाटत नव्हती. चेहरा, खांदे आणि ही कोरी बैठक पाहता तुमची मूर्ती तुम्ही समजता त्याहून कितीतरी जुनी असावी. नक्की वर्ष सांगता येणार नाही, पण दोन हजारांमागे ‘सुमारे’ लावायची गरज पडणार नाही. बोलताना तिचे डोळे चमकत होते. माझं तीनशे बारा पानांचं पुस्तक छापखान्यात बांधून तयार होतं.

१४ फेब्रुवारी

समितीची तातडीची सभा. मी खालमानेने सगळं सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि म्हणाले, म्हणजे जुनेपण हवं असेल तर कासव जातं, आणि कासव हवं असेल तर जुनेपण जातं, असंच ना?

मी म्हटलं, असंच.

मतदान झालं. सगळी मतं कासवाला. अध्यक्षांचं म्हणणं, कोऱ्या दगडाची कमान कशी बांधायची, गणवेशाच्या खिशावर काय कोरा चौकोन शिवायचा? शिवाय सिमेंट वाळलेलं आहे. बाईचा अहवाल जाईल सरकारी कपाटात, तो कोण वाचतंय. वीस तारखेला ती गेली की बावीसला मास्तरांनी बैठकीवर पुन्हा कासव बसवावं. ‘हात तुमचाच बसलेला आहे,’ हेही वर ऐकवलं.

ठराव लिहिला गेला, ‘मूळ स्वरूपात पुनःस्थापना’. मी सही केली. काय करणार होतो? बावीस वर्षं. पुस्तकावर माझं नाव आहे. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मी गावात कोणत्या तोंडाने फिरू?

१६ फेब्रुवारी

पुजारी बिचारा हवालदिल झाला आहे. खूण नाही, तर रोज सकाळी नाव कोणाचं घ्यायचं? धर्मशाळेत एक वृद्ध साध्वी असतात, सगळे त्यांना माताजी म्हणतात. रोज पहाटे काठी टेकत येतात, मूर्तीपुढे तासभर बसतात, जातात. पुजारी मला घेऊन त्यांच्याकडे गेला. मी सगळा गोंधळ समजावून सांगितला. खूण, लगदा, ओरखडे, विसावे की कोणते.

त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाल्या, “खाली काही होतं का? मी चाळीस वर्षं वरच बघतेय.”

पुजाऱ्याचं समाधान झालं. माझं झालं नाही. मला तिथून लवकर निघावंसं वाटलं.

२१ फेब्रुवारी

कापूसबाई काल गेली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, तुमच्यामुळे दगड चौतीस वर्षं झाकलेला राहिला, त्यावर कोणी नाव कोरलं नाही, तेलकट हात लागले नाहीत. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

आज लगदा करायला घेतला. चुना भिजवला, डिंक भिजवला. कागद म्हणून माझ्याच पुस्तकाची फसलेली छपाई छापखान्यातून आणली होती, ती फाडत बसलो. ही समोर येऊन बसली आणि तीही फाडायला लागली. थोड्या वेळाने, हातातल्या कागदाकडे बघतच, म्हणाली, “त्या दिवशी लगद्याचं भांडं मीच धरलं होतं.”

मी विसरलो होतो. आमच्या लग्नाला तेव्हा पाच महिने झाले होते. माझं काम बघायचं म्हणून ती आली होती.

“तुम्ही मला विचारलंत, काय दिसतंय. मी म्हटलं, काही नाही. तुम्ही म्हणालात, नीट बघ, कासव आहे. त्या आठवड्यात तुम्ही शाळेत कासव शिकवत होतात.”

मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? तीनदा पुस्तक उतरवलंस, तीनदा मला विचारलंस, सरळ का सांगितलं नाहीस?

ती म्हणाली, तेव्हा मी नवी होते. वाटलं, हे चित्रकलेचे मास्तर आहेत, यांना दिसत असेल. नंतर वाटलं, कशाला बोलायचं, आनंदात आहेत. आणि नंतर तर गणवेशावरच आलं.

मग ती उठून पाणी घ्यायला गेली. मी लगदा कुटत राहिलो. एकही कपटा शिल्लक राहणार नाही इतका बारीक कुटला.

२२ फेब्रुवारी

सकाळी भांडं घेऊन मंदिरात गेलो. अध्यक्षांनी दरवाजा ओढून घेतला होता, म्हणजे कोणी येऊ नये. मी बैठकीसमोर बसलो. लगदा हातात घेतला. कासव काढणं अवघड नाही, एक मोठा घुमट, चार छोटे पाय, डोकं, शेपूट. डोळे मिटून काढीन.

हात पुढे केला आणि कोण जाणे काय झालं, माताजींचं बोलणं आठवलं असेल, मी वर पाहिलं.

छत्तीस वर्षं मी मुलांना चेहरा काढायला शिकवला. हा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. खालचा ओठ जरासा जाड आहे. पापण्या पूर्ण मिटलेल्या नाहीत. डावा कान उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे, माणसाचा असतो तसा. ज्याने हे घडवलं त्याने कोणाला तरी समोर बसवून घडवलं असेल का? नाव लावलं नाही, खूण ठेवली नाही, आणि काम असं केलं. माझ्या तीनशे बारा पानांत या चेहऱ्यावर एक ओळ नाही.

मला फार लाज वाटली. रडलोही थोडा. इथे लिहून ठेवतो, कारण वही माझी आहे.

लगदा हातातच वाळून गेला. घरी येऊन उरलेला गुलाबाच्या बुंध्याशी ओतला. हिने विचारलं, झालं का? मी म्हटलं, नाही, आणि आता होणारही नाही. ती म्हणाली, गुलाब मरेल ओ, चुना आहे त्यात.

२३ फेब्रुवारी

पुस्तकं बांधून झालेली आहेत, आता एक शब्दही बदलता येत नाही. पण शुद्धिपत्र चिकटवता येतं. छापखानेवाल्याने पन्नास शब्दांपर्यंत करून देतो म्हटलं. मी चौतीसांत बसवलं. दिवसभर ही कात्रीने कापत होती, मी पहिल्या पानावर चिकटवत होतो. मजकूर असा:

‘शुद्धिपत्र. पृष्ठ १ ते ३१२ वर जिथे जिथे बैठकीवरचे कासव येते, तिथे ते प्रस्तुत लेखकाने चौतीस वर्षांपूर्वी चुना व कागद वापरून केले, असे वाचावे. बैठक कोरी आहे. मूर्ती फार जुनी आहे. कृपया वर पाहावे.’

अध्यक्षांना कळवलं नाही. सांगून त्यांनी ऐकलं नसतं. बैठक अजून तशीच आहे हेही त्यांना माहीत नाही, कमानीवरच्या दिव्यांत गुंतले आहेत.

२४ फेब्रुवारी

सभागृह गच्च भरलं होतं. पाहुणे, शाळा, फुटबॉलचा संघ. मी व्यासपीठावर कोपऱ्यात बसलो होतो. मनात म्हटलं, आज कोणी पुस्तक उघडणार नाही. लोक घरी जाऊन कधीतरी वाचतील, तोवर मला धीर गोळा करता येईल.

अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही, हे मला माहीत होतं. मला ते माहीत आहे, हे त्यांनाही माहीत होतं. पण वाचल्यासारखं दाखवायला हवं होतं, म्हणून त्यांनी प्रत उचलली, पहिलं पान उघडलं आणि माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले, “मास्तर पहिल्याच पानावर किती सुंदर लिहितात बघा.” आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले.

‘चुना व कागद वापरून’ इथवर आल्यावर त्यांचा आवाज गडबडला. पण वाचायला घेतलेलं वाक्य मध्येच सोडता येईना. शेवटपर्यंत वाचलं. ‘कृपया वर पाहावे’ म्हटल्यावर सभागृहातल्या निम्म्या लोकांनी छताकडे पाहिलं.

मागून कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. फुटबॉलचा संघ तर टेबलं बडवून हसला. मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण हसण्यात राग नव्हता. अध्यक्ष घाम पुसत उभे होते आणि त्यांनी हळूच माझ्याकडे वाकून विचारलं, म्हणजे ते चित्र माझंच होतं का? मी म्हटलं, असेल. सूर्योदय चांगला होता. तेव्हा मी तीनच दिले.

कमानीचं उद्घाटनही झालं. कासव तिथेच राहील. सिमेंट वाळलेलं आहे.

२५ फेब्रुवारी

सकाळी पुजारी तक्रार घेऊन आला. लोक आता बैठकीशी वाकून पुढे सरकत नाहीत, मान वर करून उभेच राहतात. रांग बाहेरपर्यंत गेली होती. मी त्याची समजूत घातली.

दुपारी टेबलावर माझी प्रत उघडी दिसली. शुद्धिपत्राच्या कोपऱ्यात हिने माझ्या जुन्या लाल पेन्सिलीने ४/१० लिहिलं होतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, बाकीचे सहा कुठे गेले?

ती म्हणाली, “चौतीस वर्षं लावलीत ना.”

मी वाद घातला नाही. सगळ्या नोकरीत मी कोणाला चार दिले नव्हते.